सर्वांची संध्याकाळ

४ सप्टेंबर
मंडळाच्या मीटिंगमध्ये आज सेक्रेटरी म्हणून माझी एकमताने निवड झाली. (दुसरं कोणी उभंच नव्हतं. पण त्याने एकमताला बाधा येत नाही.) या वर्षीचा गाण्याचा वार्षिक कार्यक्रम आता माझ्या ताब्यात. मागच्या वर्षी वकीलसाहेब व्हीलचेअरवरून आले, हॉलच्या पायऱ्या बघितल्या आणि दारातूनच परत गेले. पेपरात त्यांचं पत्र छापून आलं. अध्यक्षांचं नाक कापलं गेलं. म्हणून या वर्षी कार्यक्रम असा हवा की कोणीही यावं, आणि आपण इथे नकोसे आहोत असं कोणालाही वाटू नये. अध्यक्षांनी विचारलं, यातलं कोणाला काही कळतं का? मी हात वर केला. म्हणालो, माझ्या घरातच व्हीलचेअर आहे. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. विषयावर पकड असली की असं होतं.

कार्यक्रमाचं नाव तिथल्या तिथे सुचलं: 'सर्वांची संध्याकाळ'.

घरी येऊन हिला सांगितलं. (डायरी मी माझ्यापुरतीच लिहितो, पण उद्या कोणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर अडायला नको. 'ही' म्हणजे माझी बायको. मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन वीस-बावीस वर्षं हिनेच केलं. दुकानात काही मागितलं तरी लोक मागे वळून बघायचे, आवाजावरून ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडलं. घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं चालते, बाहेर जायचं तर व्हीलचेअर. कळतं सगळं. शब्द आत तयार असतो, जिभेपर्यंत येतो आणि तिथे ठेचकाळतो.)

बातमी ऐकून हिचा चेहरा खुलला. म्हणाली, मी... मी नि... नि... मी म्हणालो, हो हो, तू निवांत बस, सगळं मी बघतो. हिने मान हलवली. पुन्हा नि... मी म्हणालो, निजायचंय का? हिने डोळे मिटले. म्हणजे निजायचंच होतं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर ओळखता येतंच.

९ सप्टेंबर
हिला बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या स्पीच थेरपिस्ट आल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात उच्चारबाई म्हणतो. जाताना मला दारात गाठलं. म्हणाल्या, काका, तुम्ही काकूंचं वाक्य पूर्ण करता. करू नका. त्यांना वेळ द्या. शब्द चुकला तर चुकू दे, पण तो त्यांचा असू दे. मी म्हणालो, अहो, मी मदत करतो. त्या म्हणाल्या, तीच नका करू.

तरुण आहेत. पुस्तकी ज्ञान. तरी नवीन काही शिकायला माझी कधीच ना नसते.

संकल्प: उद्यापासून तोंडाला कुलूप.

१० सप्टेंबर, सकाळी
कुलूप लावलं. मी टेबलाशी पेपर वाचत होतो, ही स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून उभी. म्हणाली, दू... दू... मी पेपर खाली ठेवला आणि हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत बसलो. दू... मग ही बोट दाखवायला लागली. मी बोटाकडे बघितलंच नाही. वेळ द्यायचा म्हणजे पूर्ण द्यायचा. शेवटी दूध उतू गेलं. ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळं न्हाऊन निघालं.

ही हसत सुटली. हसताना हिचं काही अडत नाही.

थांबण्याचे तोटे सिद्ध झाले. संकल्प घरगुती बाबींपुरता स्थगित.

१८ सप्टेंबर
कार्यक्रमाची पहिली बैठक. वकीलसाहेबांना मुद्दाम बोलावलं. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना विचारून करायचं, हे माझं तत्त्व. त्यांचं ऐकून घेतलं. फार बोलतात. हॉलच्या दाराशी लाकडी रॅम्प, हे मान्य. बाथरूमचं दार रुंद, तेही मान्य. मग म्हणाले, आणि स्टेजला रॅम्प? मी हसलो. म्हणालो, साहेब, स्टेजवर बोलणारे आणि गाणारे जातात. ऐकणारे खाली बसतात. ते म्हणाले, सेक्रेटरी, आम्ही फक्त ऐकायचं का?

प्रश्न वकिली होता. अजेंड्यात नसल्यामुळे उत्तर दिलं नाही. सुतार म्हणाला होता, स्टेजचाही करू, दोन दिवस जास्त लागतील. मी म्हणालो, एक काम नीट कर. एक ना धड भाराभर चिंध्या नकोत.

२७ सप्टेंबर
आजचा दिवस सोनेरी. अंध रसिकांसाठी कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्ये! अंधशाळेतून एक प्रत करून आणली. बोटाला कसे टपोरे ठिपके लागतात! त्यांनी विचारलं, एकच पुरेल का? मी म्हणालो, बाकीच्यांचं मी बघतो. घराखालच्या दुकानात जाऊन भरपूर झेरॉक्स काढून ठेवल्या. थोडं डोकं चालवलं की कामं कशी झटपट होतात.

हिला दाखवल्या. हिने मूळ प्रतीवरून बोट फिरवलं, मग झेरॉक्सवरून फिरवलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणायचं होतं. क... का... मी म्हणालो, कल्पना कशी सुचली? अगं, सुचली.

५ ऑक्टोबर
मोठीच गंमत झाली. उच्चारबाईंनी आज मला समोर बसवलं. म्हणाल्या, काकूंना तुमच्या कार्यक्रमात निवेदन करायचंय. सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांचंच. महिनाभर आम्ही तयारी करतोय. ही माझ्याकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी. उच्चारबाई म्हणाल्या, त्यांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचा प्रयत्न केला होता म्हणे.

मला काही आठवत नाही.

मी लगेच होकार दिला. लगेच म्हणजे पाणी पिऊन आल्यावर. हिने माझा हात डाव्या हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मला पुन्हा पाणी प्यावंसं वाटलं.

६ ऑक्टोबर
झोप नीट लागली नाही. भरलेला हॉल. ही अडली तर? कोणी हसलं तर? ज्या लोकांनी हिचा तो आवाज ऐकलाय त्यांनीच हा आवाज ऐकायचा. माझं सोडा, हिला सोसायचं नाही. मी हिच्यासाठीच म्हणतोय.

उपाय: मुख्य निवेदनाला रेडिओवर बोलणारी एक मुलगी ठरवली. स्पष्ट उच्चार, गोड आवाज, बोलते तर जणू नळ सोडलाय. हिची दोन-तीन वाक्यं मध्ये कुठेतरी बसवू.

१९ ऑक्टोबर
ही रोज सकाळी आतल्या खोलीत दार लावून सराव करते. मी बाहेर इस्त्री करतो, त्यामुळे आपोआप कानावर पडतं. (एकच शर्ट फिरून फिरून करतो, त्याचं कारण कॉलर बसत नाही.) वाक्यं हिची स्वतःची आहेत, बाईंनी नुसती उतरवून घेतली. अशी: नमस्कार, रसिकहो. खूप दिवसांनी भेटतोय. माझा आवाज आता हळू चालतो, तुम्ही त्याच्याबरोबर हळू चाला.

'नमस्कार' बरा येतो. 'रसिकहो'पाशी गाडी अडते. र... र... र... कधी 'रविवार' म्हणते, कधी 'रस्ता'. आज एकदा चक्क 'रसिकहो' आलं. मग हिचं हसणं. मी इस्त्री बाजूला ठेवून टाळी वाजवणार होतो, पण मग इतके दिवस ऐकतोय हे कळलं असतं.

वाक्यं मला तोंडपाठ झाली. वेळप्रसंगी असावीत.

२ नोव्हेंबर
लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, नोकरी आणि दोन लहान मुलं, पण आईच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असते. विचारत होती, आई स्टेजवर कशी चढणार? मी म्हणालो, स्टेजवर कशाला, पहिल्या रांगेतून बोलेल, हातात बिनवायरचा माइक देऊ. ती म्हणाली, बाबा, आईला चालणार आहे का ते विचारलंत? मी म्हणालो, विचारलं. म्हणजे विचारणारच आहे.

सुतार आता दुसऱ्या कामावर गेलाय. त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं असं क्षणभर वाटलं. पण मोठ्या कामात असं काहीतरी राहतंच.

१५ नोव्हेंबर
विचारलं. ही म्हणाली, व... वर. मी म्हणालो, वर कशाला, खालून सगळ्यांना जवळ वाटशील. ही पुन्हा म्हणाली, वर. मी म्हणालो, दोघं-तिघं मिळून खुर्चीसकट उचलू. हिने जोरात मान हलवली. झटका आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती, हिला चादरीत घालून जिना उतरवला होता. तेव्हापासून उचलणं म्हटलं की हात खुर्चीला घट्ट धरते.

शेवटी म्हणाली, ब... मी म्हणालो, बरं? हिने खिडकीकडे बघितलं. बरं म्हणाली, असं मी धरलं.

२२ नोव्हेंबर, दुपारी
आज! हिने निळी साडी काढली. उच्चारबाईंनी येऊन केस बांधून दिले. आरशासमोर बसून ही ओठ हलवत होती. मी म्हणालो, टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना. हिने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग स्वतःच हसली.

शपथ: आज मी एक अक्षर बोलणार नाही. हिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. केस विसकटले, बाईंना पुन्हा बांधावे लागले.

२३ नोव्हेंबर, सकाळी
कार्यक्रम अभूतपूर्व यशस्वी. आठवतंय तसं लिहून ठेवतो.

रॅम्प उत्तम होता. त्यावर मी स्वागतासाठी जाड गालिचा अंथरला, त्यात वकीलसाहेबांची चाकं रुतली. गालिचा काढला. पाच मिनिटांचं काम, त्यांनी मात्र ती पाचही मिनिटं माझ्याकडे बघण्यात घालवली.

ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेतून सांगणाऱ्या ताई बोलावल्या होत्या. हातांनी काय सुंदर सांगत होत्या! गाणं सुरू होताना नेहमीप्रमाणे दिवे मालवले, त्यात त्याही मालवल्या. अंधारात अर्धं गाणं झाल्यावर कोणीतरी मोबाइलचा दिवा त्यांच्यावर धरला.

ब्रेल पत्रिका एका अंध शिक्षकांना मी स्वतःच्या हाताने दिली. त्यांनी पुढून बोट फिरवलं, मागून फिरवलं. म्हणाले, कागद छान गुळगुळीत आहे. मी आभार मानले. घरी येताना जिन्यात लक्षात आलं.

आता हिचं.

रेडिओवाल्या मुलीने हिचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या थांबेनात. जुने लोक उभे राहिले. ही पहिल्या रांगेच्या कडेला, स्टेजच्या पायऱ्यांशी. मी वर, संयोजक म्हणून. हिने पायऱ्यांकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. मी हाताने खूण केली, तिथूनच, तिथूनच. दोघे स्वयंसेवक उचलायला पुढे आले, हिने मान हलवली. मग बाईंनी हिची खुर्ची लोकांकडे वळवली. आता मला फक्त निळी पाठ आणि बांधलेले केस दिसत होते.

डाव्या हातात माइक. म्हणाली, नमस्कार.

स्वच्छ. पूर्ण. अगदी जुन्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला.

मग म्हणाली, र...

हॉल शांत. र... पुन्हा शांत. कोणी खोकलंही नाही. र... अध्यक्ष पायांकडे बघायला लागले. रेडिओवाली मुलगी माझ्याकडे बघायला लागली. (ती माझ्याकडे बघत नव्हती असं नंतर म्हणाली, पण मला तसं दिसलं.) किती वेळ गेला देव जाणे. माझं तर अर्धं आयुष्य गेलं. शेवटी मी स्टेजवरच्या माइकपाशी गेलो आणि म्हणालो, रसिकहो!

हिने मान वळवून वर बघितलं. मग पुन्हा लोकांकडे वळली आणि म्हणाली, खू... मी म्हणालो, खूप दिवसांनी भेटतोय. आता सोडलं असतं तर सगळंच विस्कटलं असतं, म्हणून मी पुढचंही म्हटलं. शेवटचं वाक्य विशेष भाव ओतून: माझा आवाज आता हळू चालतो, तुम्ही त्याच्याबरोबर हळू चाला. माझा आवाज हॉलभर घुमला. मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, सांभाळून घेतलंत.

हिने डाव्या अंगठ्याने माइकचं बटण बंद केलं आणि माइक मांडीवर ठेवला. अशा भारावलेल्या क्षणीही बॅटरी वाचवायचं हिला सुचतं.

पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधीच उच्चारबाई हिला घेऊन घरी गेल्या. दमली असणार.

२६ नोव्हेंबर
ही आवाजाला विश्रांती देते आहे. इतक्या तयारीनंतर साहजिक आहे. चहा हवा का विचारलं की मान. खिडकी उघडू का, हात.

३० नोव्हेंबर
उच्चारबाई आल्या. हिने त्यांना खुर्ची दाखवली, पाण्याचा पेला पुढे केला, पण तोंड उघडलं नाही. बाई बराच वेळ हिचा हात धरून नुसत्या बसल्या. जाताना दारात मीच म्हणालो, थोडे दिवस विश्रांती बरी. त्या चप्पल घालत होत्या. चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

४ डिसेंबर
वकीलसाहेब बाजारात भेटले. मी विचारलं, मग, कसा वाटला आपला कार्यक्रम? म्हणाले, सेक्रेटरी, मागच्या वर्षी तुम्ही मला दारातून परत पाठवलंत. या वर्षी वहिनींना आत बोलावून परत पाठवलंत.

शब्दांचा कीस काढायची सवय असते या लोकांना. घरी येईपर्यंत चार खणखणीत उत्तरं सुचली. एकही लिहावंसं वाटत नाही.

९ डिसेंबर
सकाळी आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सराव नाही. मी तरी सवयीने इस्त्री काढली. शर्ट जळला.

१३ डिसेंबर
लेक आली. मुलांना जावयांकडे सोडून एकटीच. मी स्टेशनवर घ्यायला गेलो तर बॅग माझ्या हातात न देता स्वतःच ओढत निघाली.

१४ डिसेंबर, सकाळी
अंघोळ करून बाहेर आलो तर स्वयंपाकघरातून आवाज. मला वाटलं लेक फोनवर बोलतेय. जवळ गेलो. ही बोलत होती. अडखळत, चुकत, मागे येऊन पुन्हा. भा... भांडं... नाही... भाजी... भाजी चिर. लेक काही बोलत नव्हती. नुसती सुरी हातात धरून थांबलेली. मग ही आणखी काही म्हणाली, लांबलचक, मला कळलं नाही, आणि दोघी हसल्या.

मला इतका आनंद झाला की मी आत गेलो आणि म्हणालो, अरे वा, विश्रांती संपली वाटतं!

ही थांबली. शब्द अर्ध्यात होता, तो तसाच गिळला. लेकीने भाजी चिरायला घेतली.

मी तिथे उभा राहिलो. पाणी प्यायलं. मग बाहेर आलो. मी बाहेर आल्यावरही आतून पुन्हा आवाज आला नाही. भिंती पातळ आहेत आमच्या, पाऊल ऐकू येतं. तेव्हा मी चपला घालून, दार वाजवून बंद करून, खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. निदान त्या दोघींना बोलता यावं. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावरूनही दिसते. ऐकू मात्र येत नाही.

१६ डिसेंबर
कार्यक्रमाचं कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलेलं. ते लेकीपर्यंत पोचलंय. म्हणाली, बाबा, बसा आणि बघा. मी म्हणालो, मी तिथे होतो. ती म्हणाली, तुम्ही मागे होतात.

बघितलं. शूटिंग समोरून आहे, त्यामुळे हिचा चेहरा दिसतो. मला त्या दिवशी दिसला नव्हता. घाबरलेली अजिबात नाही. कपाळावर आठी, शब्द शोधताना पूर्वी दळणाची चिठ्ठी शोधायची तेव्हाची तशीच. समोरचे लोक हसत नाहीयेत. पुढे झुकलेत. एक म्हातारे गृहस्थ तर हिच्याबरोबर ओठांचा चंबू करून बसलेत. कोणीतरी हळूच म्हणतं, बोलू द्या, बोलू द्या. हिचे ओठ उघडतात. रसि... येतंय. ऐकू येतं, रसि. आणि तेवढ्यात वरून माझा आवाज येतो.

लेकीने पुन्हा लावलं. मी म्हणालो, मोबाइलचा आवाज मागेपुढे होतो कधीकधी. तिसऱ्यांदा तिने लावलं नाही. मीच लावलं.

मग म्हणालो, मला वाटलं लोक हसतील हिला. लेक म्हणाली, कोणाला हसतील, बाबा?

हा प्रश्न वकिली नव्हता. मी पाणी प्यायला उठलो.

१७ डिसेंबर
हिच्याशी बोलायचं ठरवलं. सगळं नीट जुळवून, पहिल्या शब्दापासून. ही खिडकीशी बसली होती. मी समोर स्टूल घेतलं. म्हणालो, अगं... मग काही आठवेना. शब्द होते. आत होते. अगं, मी त्या दिवशी... मी... ही माझ्याकडे बघत थांबली. घाई केली नाही, मान वळवली नाही, माझ्या वतीने काही म्हणाली नाही. थांबली. बराच वेळ थांबली.

मला नाही जमलं. मी म्हणालो, चहा टाकतो.

२० डिसेंबर
लेक हिला घेऊन गेली. हवापालट. तिकडे तळमजल्याचं घर आहे, दारात पायरी नाही, मुलं आहेत. हिच्यासाठी सगळ्याच दृष्टीने सोयीचं. मी हिला टॅक्सीपर्यंत पोचवलं. खुर्ची घडी करून मागे ठेवताना माझ्या बोटाला चिमटा बसला, खिडकीशी आलो तसं हिने पटकन माझं बोट धरून फुंकर मारली. मग हात सोडला. काच वर गेली.

मी विचारलं होतं, परत कधी? हिने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, बघू या, बाबा.

२ जानेवारी
अध्यक्षांचा फोन. पुढच्या वर्षीचा कार्यक्रमही माझ्याकडेच सोपवायचा विचार आहे म्हणाले. मी म्हणालो, स्टेजला रॅम्प हवा. ते म्हणाले, नक्की करू. मी म्हणालो, नाही, तो आधी. ते म्हणाले, अहो, अजून वर्ष आहे. मी फोन ठेवला. सुतार सापडला नाही. नंबर बदललाय त्याने.

घरात फार बोलतो मी हल्ली. एकटाच. भाजीवाला विचारतो, काय देऊ, तर त्याला पण सांगत बसतो. माझं कुठेच काही अडत नाही.

१८ जानेवारी
लेकीचा फोन. आनंदाची बातमी. तिच्या घराजवळच्या वाचनालयात दर शनिवारी काही मंडळी जमतात, ज्याला जसं येईल तसं मोठ्याने वाचतात. एक गृहस्थ तोतरे आहेत, एक आजी जवळजवळ आंधळ्या, पाठ म्हणतात. कोणी कोणाला घाई करत नाही. ही जाते. गेल्या शनिवारी हिने एक अख्खं पान वाचलं. संपेपर्यंत दिवे लावायची वेळ झाली, कोणी उठलं नाही.

मला खूप बरं वाटलं. मनापासून. लेकीला म्हणालो, पान कुठलं होतं? तिला माहीत नव्हतं.

२५ जानेवारी, संध्याकाळी
पूर्ण आठवडा विचार करून फोन केला. लेकीला म्हणालो, येत्या शनिवारी मी येतो. नुसता ऐकायला. शेवटच्या रांगेत बसेन, भिंतीला टेकून. एक अक्षर बोलणार नाही. वाटलं तर तोंडावर रुमाल बांधून बसेन. लेक हसली नाही. म्हणाली, थांबा हं बाबा, आईला विचारते.

तिने फोन टेबलावर ठेवला असावा. टीव्हीचा आवाज, मुलांची भांडाभांडी. मग लेकीचा आवाज, लांबून: आई, बाबा विचारतायत, शनिवारी ऐकायला येऊ का.

मी वाट बघत होतो. मनात हो, ये, नको, बघू, सगळं येऊन गेलं, पण मी कशालाच हात लावला नाही.

मग ही बोलली.

"आत्ता नको."

लेक फोनवर आली आणि जरा घुटमळली. म्हणाली, बाबा, ती म्हणतेय... मी म्हणालो, ऐकलं मी.

उच्चार स्वच्छ होते. कुठेही अडली नाही.